स्ट्रॉबेरी हर्मिट क्रॅबचा रंग उतरतो आणि मग तो कात टाकताना मरतो: नेमकं कुठं बिघडतं?

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमानं येते. स्ट्रॉबेरी म्हणून आणलेला हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा जमिनीवरचा खेकडा, आला तेव्हा लालभडक होता. काही महिन्यांत नारिंगी झाला, मग फिकट, मातकट. खात होता, रात्री फिरत होता, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. मग तो कात टाकायला मातीत गेला आणि वर आलाच नाही. किंवा त्यानं वरच कात टाकली आणि दोन दिवसांत मेला. दुसरा आणला, त्याचंही तेच झालं.

लोक याकडे दोन सुट्या तक्रारी म्हणून पाहतात. रंगासाठी गाजर घालतात आणि मरण्याचं खापर विकणाऱ्यावर फोडतात. पण हा खेकडा समुद्राला चिकटून राहणारा आहे. तो समुद्राचं पाणी घेतो आणि समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेलं खातो. आपल्या टँकमध्ये यातलं काहीच आलेलं नसतं. खाण्यातली उणीव रंगावर दिसते, पाण्यातली आणि हवेतली उणीव कात टाकताना. म्हणून दुरुस्तीही एकत्रच करावी लागते. त्याआधी मात्र शंखात बसलेला खरोखर स्ट्रॉबेरीच आहे का, ते नक्की करा. चुकीच्या जातीवर केलेला बरोबर उपाय वाया जातो.

शंखात कोण आहे

स्ट्रॉबेरी हे बाजारातलं नाव. शास्त्रीय नाव कोएनोबिटा पर्लाटस. हिंदी महासागर आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर हा आढळतो. पूर्ण वाढ झालेला पर्लाटस लाल ते लाल-नारिंगी असतो आणि पायांवर, नांग्यांवर पांढरे, उठावदार दाणे असतात. रंग उतरला तरी हे दाणे राहतात. बोटाच्या नखानं नव्हे, भिंगातून बघा. लहान पिल्लं मात्र लाल नसतातच, ती पांढुरकी-मातकट असतात आणि वाढत जातील तसा लाल रंग चढतो. त्यामुळे शेंगदाण्याएवढा फिकट पर्लाटस "रंग उतरलेला" म्हणून औषधपाण्याला घेऊ नका. तो वयानं लहान आहे, बस.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो कोएनोबिटा रुगोससशी. या जातीत रंगाचा काही नेमच नाही. पांढरा, राखाडी, तपकिरी, निळसर, हिरवट, गुलाबी, सगळं चालतं. गुलाबी किंवा विटकरी छटेचा रुगोसस "छोटी स्ट्रॉबेरी" म्हणून सहज खपतो आणि पुढच्या कातीनंतर करडा होऊन बाहेर येतो. त्याला काहीही झालेलं नसतं. रुगोससच्या मोठ्या डाव्या नांगीच्या वरच्या बाहेरच्या बाजूला तिरक्या, एकाखाली एक अशा उठावदार रेघांची ओळ असते, कापडावर शिलाईचे टाके घातल्यासारखी. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या कोएनोबिटा कॉम्प्रेसस या जातीतही असे टाके असतात. टाके आहेत की नाहीत एवढ्यावरून पर्लाटस की रुगोसस हा निकाल लावू नका. त्या खुणेचा खरा उपयोग ब्रेव्हिमॅनस आणि क्लायपियाटस या दोन जाती बाजूला काढायला होतो, कारण या दोघांत टाके नसतात.

कोएनोबिटा ब्रेव्हिमॅनस हा या वंशातला सर्वांत मोठा होणारा गडी. मोठी नांगी फुगीर, गुळगुळीत, अंगाचा रंग बराचसा एकसारखा, तपकिरी ते जांभळा. अमेरिकेतल्या दुकानांत सर्रास मिळणारा कॅरिबियन क्लायपियाटसही जांभळ्या नांगीचा, त्याचे डोळे गोल ठिपक्यासारखे. कॉम्प्रेससचे डोळे लांबट. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये कुणी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून "मिक्स" खेकडे आणले असतील, तर बहुतेक सगळे क्लायपियाटस असतील. त्यांच्यात एखादा वेगळा दिसला तर सर्वांत आधी डोळे पाहा.

शेंड्या, म्हणजे लांब स्पर्शिका, लाल-केशरी दिसल्या की काही जण तोही स्ट्रॉबेरीच धरतात. लाल शेंड्या कॅव्हिपेस आणि व्हायोलासेन्स या जातींत दिसतात, अंग मात्र तपकिरी किंवा निळसर-जांभळं. या गटात आणखी एक मेख आहे. सिंगापूर, मलेशिया आणि इंडोनेशियातले जे खेकडे वर्षानुवर्षं कॅव्हिपेस म्हणून ओळखले जात होते, त्यांतल्या काहींना २०१६ साली कोएनोबिटा लिला ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे त्याआधीच्या ओळख-तक्त्यांवर या दोघांपुरता विश्वास ठेवता येत नाही.

ओळखीसाठी कुणाला फोटो पाठवायचे असतील तर चार लागतात: मोठ्या डाव्या नांगीची बाहेरची बाजू, डोळे समोरून, डोळे आणि त्यांचे देठ बाजूनं, चालताना बाहेर आलेले डावे पाय. दिवसाच्या उजेडात काढा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत प्रत्येक खेकडा स्ट्रॉबेरी दिसतो.

कोकणच्या किनाऱ्यावरून, म्हणजे मुरुड, गुहागर, मालवणहून मुलांनी डब्यात घालून आणलेले शंखातले खेकडे हा वेगळाच विषय. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खडकांच्या डबक्यांत दिसणारे ते बहुतेक क्लिबॅनेरियस किंवा डायोजेनिस या समुद्री वंशांतले असतात. ते पाण्यात श्वास घेतात. ओलसर वाळूच्या टँकमध्ये दिवस-दोन दिवस तग धरतात आणि मरतात. क्लिबॅनेरियसच्या दोन्ही नांग्या साधारण सारख्या आकाराच्या असतात. जमिनीवरच्या कोएनोबिटाची डावी नांगी स्पष्ट मोठी असते आणि आत ओढून घेतल्यावर ती शंखाचं तोंड दारासारखं बंद करते. समुद्री खेकडा सापडला तर त्याच डबक्यात परत सोडा.

अंदमान-निकोबारच्या बाजूनं कुणी "मोठा होणारा दुर्मिळ खेकडा" देऊ केला तर दोनदा विचार करा. नारळखेकडा, म्हणजे बिर्गस लॅट्रो, लहानपणी शंखातच राहतो आणि त्या वयात ब्रेव्हिमॅनस समजून खपू शकतो. भारतात तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. पाळणं, विकणं, दोन्ही गुन्हा. जपानमध्ये तर जमिनीवरचे सगळे कोएनोबिटा १९७० पासून नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहेत, तिथं सुट्टीवर गेलात तर ओकिनावाच्या किनाऱ्यावरून उचलून आणायचा मोह टाळा.

खारं पाणी

खेकडा पर्लाटस ठरला की पहिली तपासणी इथं. कोएनोबिटा शंखाच्या आत थोडं पाणी बाळगून फिरतो. त्या पाण्यात मीठ किती हवं, ते तो गोड्या आणि खाऱ्या पाण्यात आलटून पालटून उतरून स्वतः ठरवतो. एनिवेटॉक या प्रशांत महासागरातल्या प्रवाळबेटावर १९६० च्या दशकात पर्लाटस आणि ब्रेव्हिमॅनस यांच्या पाण्याच्या सवयींचा अभ्यास झाला. पर्लाटस समुद्राच्या पाण्यावर अवलंबून राहतो, ब्रेव्हिमॅनस किनाऱ्यापासून आत राहून गोड्या पाण्यावर बराच निभावतो. त्यामुळेच ब्रेव्हिमॅनस किंवा क्लायपियाटस पाळून तयार झालेला माणूस पर्लाटस आणतो तेव्हा फसतो. त्याच्या टँकमध्ये खाऱ्या पाण्याची वाटी असते, पण तिच्यात काय आहे हे त्यानं कधी मोजलेलं नसतं.

दोन्ही पाणी कायम हवं. दोन्ही भांडी एवढी खोल हवीत की खेकडा शंखासकट बुडेल, आणि वर चढायला जाळी किंवा खडबडीत दगड हवा. चढता आलं नाही तर तो बुडून मरतो. मध्यम आकाराच्या तीन खेकड्यांना मिळून प्रत्येक पाण्यासाठी एक ते दीड लिटरचं भांडं पुरतं.

खारं पाणी करायचं ते मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या मरीन सॉल्टपासून, म्हणजे समुद्री माशांच्या टँकसाठी असतं ते. स्वयंपाकाचं मीठ, खडे मीठ, सैंधव यांतलं काहीही चालत नाही. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं, आणि खेकड्याला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम समुद्रातल्या प्रमाणात लागतात. "ॲक्वेरियम सॉल्ट" म्हणून जे गोड्या पाण्यातल्या माशांसाठी विकतात, तेही नुसतं सोडियम क्लोराइडच. पाकीट नीट वाचा.

कृती अशी. एक लिटर नळाच्या पाण्यात आधी अँटीक्लोरीन घाला, बाटलीवरच्या प्रमाणात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन उडत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, तेव्हा क्लोरामाइनवर चालणारं द्रावणच घ्या. मग ३६ ग्रॅम मरीन सॉल्ट, चमच्यानं नव्हे, वजनकाट्यावर तोलून. ढवळा, काही तास तसंच ठेवा, पुन्हा ढवळा आणि मोजा. पाण्याची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२४ ते १.०२६ यायला हवं, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर हजारी ३२ ते ३५ भाग. कमी आलं तर दोन-दोन ग्रॅम वाढवा. पाकिटातल्या मिठानं दमट हवा ओढलेली असते, म्हणून एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही.

यानंतर जी चूक होते ती फार चलाख माणसांकडूनही होते. पाणी आटलं की ते खारं पाणी ओतून भांडं भरतात. आटतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. असं तीन-चार वेळा झालं की पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट होतं आणि खेकडा त्यात उतरणंच बंद करतो. मधल्या दिवशी पातळी उतरली तर क्लोरीन काढलेलं गोडं पाणी घालून मूळ खुणेपर्यंत आणा. भांड्यावर बाहेरून मार्करनं रेघ मारून ठेवा. फिल्टर नसेल तर दर दोन दिवसांनी दोन्ही पाणी पूर्ण बदला. खेकडे त्यात घाण करतात आणि अमोनिया साठतो.

मराठी घरांतला एक खास धोका: तांब्याच्या हंड्यातलं किंवा कळशीतलं पाणी. माणसाला चालतं, पण तांबं या वर्गातल्या प्राण्यांना थोड्या प्रमाणातही विषारी असतं. धातूचं कोणतंच भांडं टँकमध्ये नको.

हवा, आणि खोटं बोलणारा हायग्रोमीटर

हे खेकडे बदललेल्या कल्ल्यांनी हवेतला ऑक्सिजन घेतात, आणि ते कल्ले ओले राहिले तरच काम करतात. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के, पर्लाटससाठी ८० च्या आसपास धरा. ७० च्या खाली राहिली तर खेकडा लगेच मरत नाही, हळूहळू गुदमरतो. कात टाकायच्या वेळी लागणारा साठा तो तयारच करू शकत नाही. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये ७५ ते ८२.

"माझ्याकडे ८२ टक्के आहे" असं सांगणाऱ्यांचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, बऱ्याचदा ६५ ला ८२ दाखवत असतो. तपासणं सोपं आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत घालून, पिशवी हवाबंद करून १२ तास खोलीत ठेवा. आत ७५ टक्के असायला हवेत. ७९ दाखवला तर तुमचं यंत्र चार टक्के जास्त सांगतं, तेवढे वजा करून वाचत जा. काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर या परीक्षेत सहसा नापास होतात, डिजिटल घ्या.

आर्द्रता टिकवायला टँकवर काच हवी, जाळीचं झाकण नको. जाळीचंच असेल तर त्यावर क्लिंग फिल्म ताणून एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवा. मुंबईत पावसाळ्यात काही करावं लागत नाही, पण एसीच्या खोलीत टँक असेल तर जुलैतही आर्द्रता ५५ वर येते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि परदेशात हीटर लावलेल्या घरांत गरमी आणि दमटपणा दोन्ही द्यावे लागतात. हीट पॅड टँकच्या खाली नव्हे, मागच्या काचेला बाहेरून, मातीच्या पातळीच्या वर चिकटवा आणि थर्मोस्टॅटला जोडा. खाली लावला तर कात टाकायला खोल गेलेला खेकडा तळाशी भाजतो.

टँकच्या खोलीत मच्छर मारायचं लिक्विड मशिन, कॉइल, स्प्रे काहीही नको. त्यातली पायरेथ्रॉइड रसायनं कीटकांइतकीच खेकड्यांना मारक आहेत. एका रात्रीत टँकमधले सगळे खेकडे गेले, पाणी-माती ठीक होती, अशा प्रकरणात पहिला प्रश्न हाच विचारावा.

माती

कात मातीत टाकली जाते. खोली किमान १५ सेंटीमीटर, किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या शंखासकट उंचीच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल ते. पर्लाटसला २० सेंटीमीटर द्या.

प्रमाण पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आकारमानानं. ६० बाय ३० सेंटीमीटरच्या टँकमध्ये २० सेंटीमीटर थर म्हणजे ३६ लिटर: वाळू ३० लिटर, भिजवून फुगलेलं कोकोपीट ६ लिटर. एवढी वाळू कोरडी असतानाच ४५ ते ५० किलो भरते. टँक प्लायवूडच्या टीव्ही-युनिटवर ठेवणार असाल तर आधी हे वजन आठवा. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट पुरून उरते. खत मिसळलेली घेऊ नका, आणि दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, कारण स्वस्त कोकोपीटमध्ये भरपूर क्षार असतात. वाळू नदीची, चाळलेली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलेली. बांधकामाची दगड फोडून केलेली वाळू धारदार असते, ती नको. परदेशात प्ले सँड चालते. "क्रॅब सँड" नावानं विकली जाणारी कॅल्शियमची रंगीत वाळू ओली झाली की सिमेंटसारखी घट्ट बसते, तिच्यात खेकडा पुरला जातो.

कालवताना क्लोरीन काढलेलं पाणी थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. कोरडी असेल तर खणलेली खोली ढासळते आणि मऊ कातडीचा खेकडा आतच चिरडतो. फार ओली असेल तर पाणी तळाशी उतरतं, तिथली हवा संपते, सडका वास येतो आणि खोल गेलेला खेकडा मरतो. भरतानाच एका कोपऱ्यात तळापर्यंत पोचणारा अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप उभा करून ठेवा. बॅटरी मारून आत पाणी साठलंय का ते दिसतं आणि नळीनं ओढून काढता येतं. वरून फवारणी करायची सवय सोडा. झाकण बरोबर असेल तर तिची गरजच पडत नाही.

रंग परत आणणारं खाणं

खेकड्याचा लाल रंग ॲस्टाझँथिन या कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्याचा. खेकडा किंवा कोळंबी उकडल्यावर जो लाल दिसतो तोच हा, एरवी प्रथिनांना बांधलेला. प्राणी तो स्वतः शून्यातून बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळवतो. नुसत्या भात-पोळी-काकडीवर किंवा दुकानी गोळ्यांवर ठेवलेला पर्लाटस फिका पडणारच.

या बाबतीत कोकणातल्या वाचकांचं बरं आहे. वाळवलेला जवळा सालासकट असतो, स्वस्त असतो आणि त्यात ॲस्टाझँथिन, कायटिन (कवचाचा मुख्य घटक), कॅल्शियम तिन्ही असतात. सोडे सोललेले असतात, त्यापेक्षा जवळा बरा. खारवलेला असेल तर पाण्यात दोनदा धुऊन घ्या. गुलाबी-केशरी, वासाला ताजा जवळा निवडा. पारदर्शक बरणीत उन्हात राहून पांढरा पडलेला जवळा रंगाच्या कामाचा नाही, कॅरोटिनॉइड उजेडानं उडतात. घरी हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. परदेशात फ्रीझ-ड्राइड क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव, मिळतं, तेही चालतं.

तीन मध्यम खेकड्यांना रात्री एकूण एक चहाचा चमचा खाणं पुरतं: त्यात अर्धा जवळा, बाकी किसलेलं गाजर, लाल भोपळा किंवा लाल ढोबळी मिरची, आणि चिमूटभर स्पिरुलिना (शेवाळाची हिरवी भुकटी). आड दिवशी बिनमिठाची नोरी किंवा दुसरं समुद्री शेवाळ. ओलं खोबरं आठवड्यातून दोनदा, जास्त नको. समुद्रफेस, अंड्याची भाजून कुस्करलेली टरफलं आणि वाळकी पानं टँकमध्ये कायम. उरलेलं सकाळी काढून टाका. भाज्या चांगल्या धुवा, साल काढता येत असेल तर काढा, फवारणीचा अंश राहतो.

आज खाणं सुधारलं म्हणून उद्या रंग येणार नाही. रंग नव्या कवचात उतरतो, आणि नवं कवच कातीबरोबरच येतं. मध्यम खेकड्यासाठी ही वाट कित्येक महिन्यांची असू शकते. एका कातीत थोडा फरक, दुसऱ्या कातीत जास्त, असा तो परततो, आणि जंगली लाल रंग टँकमध्ये पूर्ण परत येईलच असं नाही. मधल्या काळात "रंग खुलवणारे" थेंब विकत घेऊ नका.

शंख

यावर थोडक्यात. पर्लाटसला गोल तोंडाचे टर्बो जातीचे शंख लागतात. कॉम्प्रेसस आणि रुगोसस डी आकाराच्या तोंडाचे नेराइटही घेतात. तोंडाचा व्यास मोठ्या नांगीच्या रुंदीएवढा किंवा दोन-तीन मिलिमीटर जास्त. एका खेकड्यामागे तीन-चार रिकामे पर्याय ठेवा. रंगवलेले शंख टाकून द्या, रंगाचे पोपडे तो खातो. किनाऱ्यावरून पिशव्या भरून शंख आणू नका, तिथल्या खेकड्यांना तेच लागतात. शिवाय शंखांच्या काही जाती कायद्यानं संरक्षित आहेत.

कात चालू असताना

डोळे धुरकट, अंग राखाडी, हालचाल मंद, सतत खणणं, तुटलेल्या पायाच्या जागी पारदर्शक जेलीसारखा कोंब: ही कात जवळ आल्याची लक्षणं. खेकडा मातीत गेला की तो दिवस कॅलेंडरवर लिहा आणि मातीला हात लावू नका. लहान खेकडा दोन ते चार आठवडे, मध्यम एक ते दोन महिने, मोठा दोन-तीन महिने किंवा त्याहूनही जास्त काळ खाली राहतो. या काळात "जिवंत आहे का बघतो" म्हणून खणल्यानं जेवढे खेकडे मरतात, तेवढे रोगानं मरत नसतील. खोली फुटते, ओली कातडी फाटते, आणि टाकलेलं कवच हाताबरोबर बाजूला जातं. ते कवच खाऊनच तो नवं कवच कडक करतो. ते कधीही काढून टाकू नका.

मेलेल्याची खूण वास. कुजक्या मासळीचा, झाकण उघडताच नाकात शिरणारा. तो दिवसेंदिवस वाढत गेला तरच खणा. वर पडलेलं "मेलेलं शरीर" हलकं, पोकळ आणि डोळ्यांच्या जागी रिकाम्या पारदर्शक टोप्या असतील तर ती कात आहे. जवळच्या शंखात बघा.

वरच कात टाकली तर खेकड्याला हलवू नका. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीचं वरचं तोंड आणि तळ कापून तिची नळी करा, खेकड्याभोवती ठेवून मातीत पाच सेंटीमीटर रुतवा, टाकलेलं कवच आतच राहू द्या, बाहेरून काळा कागद गुंडाळा. वर हवा जायला मोकळं. मऊ खेकड्याला दुसरे खेकडे खातात, त्यासाठी हा आडोसा. पाण्यात बुडवणं, फवारणं, चमच्यानं भरवणं, काहीही नको. तो शंख सोडून उघडा पडला असेल तरच एका पसरट कपात अर्धा सेंटीमीटर क्लोरीन काढलेलं पाणी, त्यात खेकडा आणि त्याचा शंख धुऊन शेजारी, वर झाकण, अंधार. तासा-दोन तासांत तो सहसा आत शिरतो.

एखादा खेकडा आत्ता खाली आहे आणि तुम्हाला हे सगळं वाचून टँक बदलावासा वाटतोय, तर माती बदलू नका. खारं पाणी मोजा, हायग्रोमीटर तपासा, झाकण बंद करा, मच्छरचं मशिन हलवा. हे चारही बदल वरूनच होतात. माती तो वर आल्यावर बदला, तीही अर्धी-अर्धी.

नवीन आणताना

कोएनोबिटाची पिल्लं समुद्रात वाढतात. मादी पाण्याच्या कडेला जाऊन अंडी सोडते, त्यातून निघालेल्या अळ्या समुद्रात तरंगत वाढतात आणि मगच शंख शोधून किनाऱ्यावर येतात. घरच्या टँकमध्ये हे जमवणारे जगभरात मोजकेच. त्यामुळे दुकानातला पर्लाटस जवळजवळ नक्की जंगलातून उचललेला असतो, आणि मधल्या प्रवासात त्याला खारं पाणी मिळालेलं नसतं. याच कारणासाठी आमचं मत असं की पहिला हर्मिट क्रॅब म्हणून पर्लाटस घेऊच नये. क्लायपियाटस किंवा रुगोससचा टँक वर्षभर नीट चालला, दोन-तीन काती सुखरूप झाल्या, की मग विचार करा.

घेताना त्याला शंखासकट उचला. अंग आत ओढून नांगीनं दार लावणारा चांगला. पाय लोंबकळत ठेवणारा, स्पर्शिका न हलवणारा, पाय गाळलेला सोडून द्या. घरी आणल्यावर आर्द्रता थेट ८० वर नेऊ नका. दुकानात ती बहुधा ५०-६० असते. दोन आठवड्यांत पाच-पाच टक्क्यांनी चढवा. दोन्ही पाणी, जवळा, लपायला नारळाची करवंटी आणि खोल माती पहिल्या दिवसापासून. पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रवासाच्या ताणानं मरणारे बरेच असतात, आणि त्यात तुमचा टँक निर्दोष असूनही एखादा जाऊ शकतो. सलग दुसरा गेला तर तिसरा आणण्याआधी मिठाचं वजन, हायग्रोमीटरची मीठ-परीक्षा आणि पाइपमधलं तळाचं पाणी, हे तिन्ही पुन्हा मोजा.